तुमारचं नववं गाणं

बिश्केक, ११ मार्च २०१९

आई,

फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून हे पत्र. शायलोदादाच्या गाडीतून पाठवते आहे. सोबत मलम आहे, ते तुमच्या गुडघ्याला लावायचं आहे, गायीच्या आचळाला नाही. मागच्या खेपेला तुम्ही काय केलंत ते मला कळलं. गाय बरी झाली, हेही कळलं.

बातमी अशी की मी अल्बम करते आहे. आमच्या 'तुयाक' बँडचा नाही, माझ्या एकटीचा. 'तुयाक' आता राहिलंय कुठे? बास वाजवणारा एर्मेक मॉस्कोत टॅक्सी चालवतो, आणि ढोल वाजवणारा तुमच्या घरामागच्या टेकडीवर झोपला आहे. उरले मी आणि माझा तीन तारांचा कोमुझ. विजेची गिटारही मीच वाजवते. एर्मेकला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिला अल्बम? बरं आहे, नातवंडांच्या वयात लग्न."

आज सकाळपासून मला तुमचं ते दूध आठवतं आहे. मी सून होऊन आले, पडद्याआड बसले होते आणि बायका म्हणाल्या, नव्या सुनेला गायला सांगा. मी गायले. तुम्ही बाहेरून ओरडलात, "हिला कुणीतरी गरम दूध द्या, घसा बसलाय पोरीचा." दुसऱ्या दिवशी पुन्हा दूध. तिसऱ्या दिवशी कुबात लाजत लाजत म्हणाला, "आई, तिचा आवाज असाच आहे. लोक तिकीट काढून ऐकतात." तुम्ही म्हणालात, "लोकांचं काय, लोक तिकीट काढून अस्वलही बघतात."

मला तेव्हा राग आला होता. आता कुणी दूध देत नाही तेव्हा वाटतं, अजून चार दिवस तो गैरसमज राहू द्यायला हवा होता.

आता मुद्द्याचं बोलते. बारा ऑक्टोबरला इथल्या एका सभागृहात अल्बमची गाणी गायची आहेत. आणि माझ्या डोक्यावर अजून दुखवट्याचा काळा रुमाल आहे. शहरात त्याबद्दल कुणी काही विचारत नाही, इथल्या मुलींना वाटतं ती माझी ऐट आहे. पण तुम्ही आणि मी जाणतो. काळा रुमाल बांधलेली बाई आनंदाच्या ठिकाणी उभी राहून गात नाही. आणि तो तिचा तिने काढायचा नसतो. ज्यांनी बांधला त्यांनीच काढायचा आणि पांढरा बांधायचा. मला तुम्ही बांधलात. वर्षभरासाठी बांधलात, आणि हे चौथं वर्ष चालू आहे.

ऑक्टोबरच्या आत तो काढा, आई. तुम्ही काढला नाहीत तर मी स्टेजवर पाय ठेवणार नाही. ही धमकी नाही. धमकी तुम्हाला द्यायची माझी काय प्राज्ञा?

तुमची सून,
तुमार


बिश्केक, २९ मार्च

आई,

शायलोदादा परत आला. मी बस-अड्ड्यावर जाऊन त्याला गाठलं. म्हटलं, निरोप काय?

"निरोप नाही म्हणाली म्हातारी. पत्र घेतलं, चष्मा सापडत नाही म्हणाली, आणि माझ्यादेखत पिठाच्या डब्यावर ठेवून दिलं. मी गाडी वळवताना खिडकीतून बघितलं तर चष्मा नाकावर होता."

"मग?"

"मग काय. धावत फाटकापर्यंत आली. म्हणाली, एकटीचा म्हणजे काय रे? मी म्हटलं, मावशी, एकटीनं गायलेला. म्हणाली, एकटी कशी? बाकीची माणसं कुठं गेली?"

आणि निरोप नसलेल्या बाईने कुरूतची, वाळवलेल्या दह्याच्या गोळ्यांची, पिशवी पाठवली. आंबट आहे, खारट आहे, दगडासारखं कडक आहे. तुमच्याच हातचं आहे हे सांगायला पत्राची गरज नव्हती.

बाकीची माणसं कुठं गेली ते सांगते. स्टुडिओ म्हणजे एका बंद पडलेल्या बुटांच्या कारखान्याचं तळघर आहे. तिथे मी असते आणि सागिन असतो. सागिन ध्वनिमुद्रण करतो. बोलतो कमी. माझा आवाज लागत नसला की काही न बोलता चहा ठेवतो. लागला की त्याचा स्वतःचा चहा गार होतो.

घोडं पेंड खातंय ते ढोलापाशी. इथले तीन ढोलवाले येऊन गेले. चांगले शिकलेले, मनाचे चांगले, एकजण तर जाताना माझी सही घेऊन गेला. पण गाणी त्यांच्या हातात बसेनात. कारण ती गाणी ढोलावर जन्मलेलीच नाहीत. ती तुमच्या अंगणात जन्मली.

तुम्ही आणि झुराकाकू समोरासमोर बसायच्या, मध्ये कातडं, कातड्यावर लोकरीचा ढीग, प्रत्येकीच्या हातात विलोच्या दोन दोन काठ्या. धुळीने भुवया पांढऱ्या व्हायच्या. तुम्ही लोकर झोडत झोडत अख्ख्या गावाची उणीदुणी काढायच्या आणि काठ्या कधी चुकायच्या नाहीत. तुमची डावी काठी किंचित उशिरा पडते, तुम्हाला माहीत आहे का? लहानपणी कुबात त्या कातड्याच्या कडेला झोपायचा. तो म्हणायचा, "जगाला वाटतं 'तुयाक' घोड्याच्या टापांवर चालतं. 'तुयाक' आईच्या डाव्या काठीवर चालतं." पोस्टरवर मात्र 'तुयाक' या नावाप्रमाणे घोड्याचा खूर छापायचा. म्हणायचा, आईच्या काठीचं चित्र काढलं तर लोकांना वाटेल सासूचा मार आहे.

सागिनला परवा एर्मेकच्या जुन्या खोक्यात एक कॅसेट सापडली. आपल्या मेंढ्यांच्या गोठ्यात आम्ही हिवाळ्यात सराव करायचो, तिथली. बाकीचे यायच्या आधी कुबात एकटाच वाजवत बसला आहे. मध्ये मेंढ्या ओरडतात. सागिनने खरखर काढून टाकली आणि मला विचारलं, मेंढ्या ठेवायच्या की काढायच्या? मी म्हटलं ठेवायच्या. त्याने मान हलवली आणि चहा ठेवला. मी मात्र तो चहा प्यायला थांबले नाही, बाहेर जाऊन कारखान्याच्या पायऱ्यांवर बसले.

त्याच वाजवण्यावर मी गाणी बांधते आहे. अल्बमचं नाव 'लोकर'.

तुमची,
तुमार


बिश्केक, ६ मे

आई,

तुमचा निरोप पोचला. शायलोदादाने तुमच्याच सुरात म्हणून दाखवला, सगळा अड्डा हसत होता. "लोकर हे काय नाव झालं? उद्या दुसरी कुणी शेण नाव ठेवील. आणि हा सागिन कोण? दर दोन ओळींनी चहा करतोय."

नावाबद्दल बोलायचं तर शेणाचं नावही वाईट नाही, हिवाळ्यात त्याच्याशिवाय कुणाची चूल पेटली?

सागिन ध्वनिमुद्रण करतो, ते मी लिहिलं होतं. इसिक-कुल सरोवराकडचा आहे. पन्नाशीचा असेल. बायको होती, ती कधीच सोडून गेली. हे सगळं मी तुम्हाला का सांगते आहे कोण जाणे. तुम्ही विचारलंत म्हणून.

कॅसेट ऐकून ऐकून मला तो गोठा डोळ्यांपुढून हलत नाही. गोठ्यात शेगडी नव्हती, मेंढ्यांचीच ऊब. एर्मेक हातमोजे घालून बास वाजवायचा आणि म्हणून सारखा चुकायचा. तुम्ही दाराच्या फटीतून बोरसोकचं, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांचं, ताट आत सरकवायच्या आणि ओरडायच्या, "मेंढ्या आटतील तुमच्या त्या आवाजानं." एकदा ऐन गाण्यात काळ्या कानाची मेंढी व्याली. कुबातने काठ्या टाकल्या, बाह्या सरसावल्या, आणि आमचं गाणं आम्ही दोघंच वाजवत राहिलो, कारण तुम्ही म्हणालात थांबू नका, तिला सवय झाली आहे, थांबलात तर घाबरेल. त्या दिवशी आम्ही जसं वाजवलं तसं पुन्हा कधी वाजवलं नाही. तुम्ही दारात उभ्या होतात. तुमचा पाय ताल धरत होता. मी पाहिलं होतं, आज कबूल करा.

आठ गाणी झाली. नववं राहिलं आहे, आणि त्याबद्दल मला तुमच्याशीच बोलायला हवं.

नववं गाणं म्हणजे कुबातचा कोशोक. नवऱ्यासाठी बायकोने, मुलासाठी आईने गायचा विलाप. तो मी त्याच्या शेजारी बसून गायला हवा होता. तुम्हाला आठवत नसेल असं नाही, तरी माझ्या बाजूने सांगते. तो स्पीकर उचलत होता, छातीत कळ आली आणि खाली बसला, तो उठलाच नाही. आम्ही त्याला घरी आणला. बायका जमल्या, सगळ्या दाराकडे पाठ करून बसल्या, मला मध्ये बसवलं. मी तोंड उघडलं. आणि तुम्ही माझा दंड धरलात. म्हणालात, "रड. गायचं नाही."

मी गायले नाही. मग गावाने काय म्हणायचं ते म्हटलं. हिचा गळा विकाऊ, नवऱ्यासाठी फुकट कशी गाईल.

वर्षाचं जेवण झालं त्या दिवशी झुराकाकू आणि बाकीच्या बायका पांढरा रुमाल बांधायला तयार बसल्या होत्या. मी मान खाली घालून बसले होते. तुम्ही उठलात, म्हणालात गाय हंबरते आहे, आणि गोठ्यात गेलात त्या परत आलाच नाहीत. बायका चहा पीत बसल्या, मग एकेक करून निघून गेल्या. मी दुसऱ्या दिवशी शहरात आले.

एवढी वर्षं मी याचा एकच अर्थ लावला आहे. तुमचा राग गाण्यावर आहे. गाण्याने तुमचा मुलगा नेला आणि ते गाणं मी आहे. तसं असेल तर तसं सांगा, मी ऐकून घेईन. पण न सांगता गोठ्यात जाऊ नका.

स्टुडिओत कोशोक मला गाता येत नाही. ज्या घरातून माणूस गेलं त्या घरात, घरातल्या वडील बाईच्या शेजारी बसून तो गायचा. मेलेलं माणूस नसताना गायला तर तो एक माणूस मागून घेतो, असं आपल्याकडे म्हणतात. सागिन म्हणाला, एकदा प्रयत्न तर कर. मी म्हटलं, तू बस समोर आणि मग सांग. तो स्टूल ओढून समोर बसला. तो गेला तर, हा विचार माझ्या मनात आला आणि मी गिटार खाली ठेवली.

म्हणून नववं गाणं तसंच आहे. कुबात वाजवतो आणि कुणीच गात नाही.

तुमार


बिश्केक, २१ जुलै

आई,

तुम्ही जनावरं घेऊन वर अर्पाच्या कुरणात गेलात, तेव्हापासून काही कळत नाही. शायलोदादाची गाडी तिथवर चढत नाही. हे पत्र झुराकाकूच्या जावयाजवळ देते आहे, तो घोडी आणायला वर जाणार आहे म्हणे. त्याने ते वाटेत तंबाखू गुंडाळायला वापरलं नाही तर मिळेल.

आत्ता वर गवत गुडघ्याएवढं असेल. घोड्या दिवसातून कितीदा दोहता? तुमचे हात दुखत असतील. कुबात कुरणावर ढोल आणायचा नाही, घोड्या बुजतात म्हणून. मग बोटांनी कुठेही वाजवत बसायचा, खोगिरावर, किटलीवर, माझ्या पाठीवर. तुम्ही म्हणायच्या, "त्या पोरीची पाठ आहे, परात नव्हे." त्या उन्हाळ्यांत मी इतकी सुखी होते की मला ते कळलंच नाही. मला वाटायचं मला कंटाळा आला आहे.

आता एक सांगते. ते मे महिन्यातच सांगायला हवं होतं, पण तुम्ही विचारलंत आणि मी इसिक-कुलच्या गोष्टी सांगत बसले.

दर शुक्रवारी मी कुबातच्या नावाने बोरसोक तळते, तेलाचा वास त्याच्यापर्यंत पोचावा म्हणून. तिसऱ्या मजल्यावरची बाई तक्रार करते, जिन्यात धूर होतो. संपवायला कुणी नसतं, एकटीने किती खायचं, म्हणून सागिन येतो. हात पुढे करून दुवा म्हणतो, कुबातचं नाव नीट घेतो, चार बोरसोक खातो आणि जातो. दोन वर्षं झाली. मागच्या शुक्रवारी दुवा झाली, तोंडावरून हात फिरवले आणि तो उठला नाही. म्हणाला, लग्न करशील का.

मी म्हटलं, "माझ्या डोक्यावर काय आहे ते दिसत नाही का तुला?"

"दिसतं," तो म्हणाला. "म्हणून तर दोन वर्षं नुसता चहा करतोय."

मी त्याला उत्तर दिलेलं नाही. तुम्हाला लिहिते आहे.

आई, मला त्याला हो म्हणायचं आहे. त्याच्याजवळ बसलं की मला घाई वाटत नाही. आणि मला तुमची सून राहायचं आहे. तुमच्या फाटकातून आत यायचं आहे, तुमची बोलणी खायची आहेत, तुमची लोकर झोडायला झुराकाकूच्या जागी बसायचं आहे. या दोन्ही गोष्टी एका डोक्यावर कशा बांधायच्या ते मला उमगत नाही. मी रागाने लिहीत नाही हे. रडत लिहिते आहे, अक्षरावरून कळेलच.

तुम्ही नाही म्हणालात तर मी त्याला नाही म्हणेन. पण तुम्ही काहीतरी म्हणा.

तुमार


बिश्केक, १४ सप्टेंबर

आई,

तुम्ही कुरणावरून खाली आलात असं शायलोदादा म्हणाला. पत्र मिळालं का, विचारलं तर म्हणे, "मिळालं असावं. तुझं नाव काढलं की बाई भांडी जोरात घासते."

सोबत तबकडी आहे. 'लोकर'. तुमच्याकडे वाजवायचं यंत्र नाही, पण शायलोदादाच्या गाडीत आहे. त्याला सांगितलं आहे, तुम्ही म्हणाल तेव्हा तो लावील. वेष्टणावर माझ्या एकटीचं नाव आहे, पण आत पहिल्या ओळीत लिहिलं आहे की सगळे ताल आपल्या आत-बाशी गावच्या एका अंगणातले आहेत.

सभागृहवाल्यांना या महिनाअखेर पक्कं सांगायचं आहे, गाणार की नाही. सागिन काही विचारत नाही. तळघरात आता काम उरलेलं नाही, तरी आम्ही जातो, चहा पितो आणि येतो.

एवढंच.

तुमार


आत-बाशी, २३ सप्टेंबर

तुमार पोरी,

मला लिहायची सवय नाही. दूध डेअरीत होते तेव्हा आकडे लिहायचे तेवढंच. अक्षराला हसू नको.

मलम लावते. गायीलाही लावते.

शायलोने गाडी फाटकासमोर उभी केली. मी पुढे बसले, झुरा मागे बसली. इंजिन बंद करायचं नाही म्हणाला, बॅटरी उतरते. मग काय, अर्धं गाव धुरात उभं राहून ऐकत होतं. पहिलं गाणं बरं आहे. दुसऱ्यात ती विजेची गिटार फार किंचाळते, कुणी तिची शेपूट धरलीय असं वाटतं. चौथं ऐकून झुरा रडली, पण झुरा लग्नातही रडते. सहावं मला आवडलं. ते त्या गोठ्यातल्या दिवसाचं आहे ना. पाय ताल धरत होता हे खोटं आहे, थंडी होती.

मग नववं लागलं. कुबात वाजवायला लागला. मेंढी ओरडली, ती काळ्या कानाचीच, मी ओळखली. शायलोने टोपी काढली. वाजत राहिलं, वाजत राहिलं. झुरा म्हणाली, "अगं, ही गात का नाही?"

मी म्हटलं, "मी तिचा दंड धरून ठेवलाय."

आता ऐक. तू लिहिलंस माझा राग गाण्यावर आहे. गाण्यावर राग असता तर तुम्हाला गोठा दिला असता का? मेंढ्या खरंच आटत होत्या त्या हिवाळ्यात, मी शेजारून दूध आणून भागवलं आणि कुणाला सांगितलं नाही.

त्या दिवशी तू तोंड उघडलंस तेव्हा मला भीती वाटली. तुझा आवाज असा आहे की तू जे म्हणशील ते खरं होतं. बाकीच्या बायका रडत होत्या, ते मला चालत होतं, बायका रडतातच. पण तू गायली असतीस तर तो गेला, हे मला कळलं असतं. मला ते कळायला नको होतं. म्हणून धरला दंड. गावाने तुला नावं ठेवली ती मी ऐकली आणि गप्प बसले. ते वाईट केलं.

आणि गाय हंबरत नव्हती. रुमाल माझ्या बाहीत होता. घडी घातलेला, रेशमाची कड असलेला, नारीनहून आणलेला. माझ्या सासूने मला सांगितलं होतं, काळा काढला की सून मोकळी, ती तिच्या वाटेने जाते आणि त्यात तिला कुणी अडवायचं नसतं. मी गोठ्यात जाऊन गायीला टेकून उभी राहिले. मला वाटलं, काळा आहे तोवर ती माझी आहे. मुलगा गेला, सूनही हाताने कशी पाठवू? तू दुसऱ्याच दिवशी निघून गेलीस. काळा बांधूनही गेलीस. मग मला काय मिळालं त्यातून? फोन वाजला की वाटायचं, हिने विचारलं तर मला हो म्हणावं लागेल. म्हणून उचलत नव्हते.

तुझं कुरणावरचं पत्र त्या जावयाने खिशात घडी करून करून पार पायपुसणं केलं होतं, तरी वाचलं. कितीदा वाचलं ते सांगणार नाही.

आता काय करायचं ते सांगते, नीट वाच.

येत्या गुरुवारी ये. काळा काढायचा तो जिथे बांधला तिथेच. झुराला आणि इतर बायकांना सांगितलं आहे. मेंढा धरून ठेवला आहे. आल्यावर आधी दाराकडे पाठ करून माझ्याशेजारी बसायचं आणि कोशोक गायचा. सगळा गायचा, मध्ये थांबायचं नाही. मीही गाईन. माझा मुलगा होता, मीही गायले नव्हते. एवढी वर्षं माझ्याही घशात अडकला आहे. आधी घरात, मग तुमच्या यंत्रात. यंत्र आणायचं तर आणा, पण बायकांच्या पुढ्यात ठेवू नका, झुरा त्याच्याकडेच बघत बसेल.

मग मी रुमाल बांधेन. तुझ्या सभागृहवाल्यांना आजच कळव, बारा तारखेला गाणार म्हणून.

आता राहिला तो चहावाला. त्याला आण. माझ्यासमोर बसू दे, चार बोरसोक खाणारा माणूस कसा असतो ते मला बघायचं आहे. आणि त्याला बहीण, आई, मावशी कुणी असेल तर त्यांना सांग, लग्न ठरवताना नवरीच्या कानात कानातलं घालायचं तर ते मुलीच्या आईच्या घरी येऊन घालतात. तळघरात नाही. तुझी आई तू पाळण्यात असतानाच गेली. तेव्हा मुलीकडची म्हणून मी बसणार. घासाघीस करीन, रुसेन, मुलाकडच्यांना पहिला चहा गार देईन. मला मुलगी नव्हती, हे सगळं करायचं राहून गेलं होतं.

सून म्हणून मी तुला कुणाला द्यायची नाही. सून दिली की ती परक्याची होते, मग ती फाटकातून आली काय न आली काय. मुलगी म्हणून देईन. मुलगी माहेरी येते.

शायलोला गुरुवारची पुढची सीट राखायला सांगितलं आहे. दोलोनच्या घाटात बर्फ पडलाय, जाड मोजे घाल.

तुझी आई,
उमसुन